अ‍ॅनिमेशन शिकवताना आधी पट्टी आणि कागद, मग संगणक

अ‍ॅनिमेशनचा वर्ग सुरू केला की पहिल्याच दिवशी मुलांना संगणकासमोर बसवायचा मोह होतो. शाळेत लॅब असते, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मुलंही त्यासाठीच आलेली असतात. तरीही पहिले तीन-चार वर्ग संगणक बंद ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये मुख्य गोष्ट एकच शिकायची असते. या चित्रातून पुढच्या चित्रात जाताना वस्तू किती सरकली? ते अंतर पट्टीने मोजून, हाताने सरकवून पाहिलं की डोक्यात पक्कं बसतं. संगणकाला दोन टोकं दाखवली की मधली चित्रं तोच भरून टाकतो. वस्तू हलते खरी, पण ती अशीच का हलली हे मुलाला सांगता येत नाही.

पुढचं सगळं सांगली, मिरज, तासगाव, विटा इकडच्या साध्या हायस्कूलचा विचार करून लिहिलं आहे. वर्गात तीस-चाळीस मुलं, चित्रकलेचे एकच सर किंवा बाई, चार-पाच फोन आणि लॅबमधले जुने संगणक. एवढ्या सामग्रीत पाया उत्तम घालता येतो.

आधी हिशोब. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढून केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये, बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दहा सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो. मुलांना हा आकडा फळ्यावर मांडून दाखवावा, म्हणजे पाच मिनिटांच्या गोष्टी आपोआप मागे पडतात. फोनवर स्टॉप मोशन स्टुडिओसारखं अ‍ॅप घेतलं, तर पहिला फोटो काढण्याआधी त्यातला वेग १२ वर ठेवायचा. शूटिंग झाल्यावर वेग बदलला तर मोजून ठेवलेलं सगळं टायमिंग कोलमडतं.

पहिला सराव नाण्याचा. जमिनीवर पांढरा कार्डशीट चिकटवायचा आणि दोन्ही बाजूंना दोन स्टुलं ठेवून त्यांवर फळी टाकायची. फळीला लेन्सपुरतं भोक पाडून त्यावर फोन ठेवायचा, स्क्रीन वर आणि मागची लेन्स खाली. लेन्स कागदापासून साधारण ६० सेंटिमीटरवर आली की पुरे. डुगडुगणाऱ्या बाकापेक्षा फरशी कधीही बरी, कारण तिला कुणी टेकून उभं राहत नाही. आता नाणं ३० सेंटिमीटर सरकवायचं आहे, बारा हालचालींत, म्हणजे एका सेकंदात. एका गटाने प्रत्येक वेळी बरोबर अडीच सेंटिमीटर सरकवायचं. दुसऱ्या गटाने अंतरं अशी ठेवायची: अर्धा, १, २, ३, ४, साडेचार, साडेचार, ४, ३, २, १, अर्धा. बेरीज दोन्हीकडे तीसच आणि वेळही तोच एक सेकंद. दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावल्या की पहिलं नाणं कुणीतरी ओढल्यासारखं दिसतं. दुसरं स्वतःहून निघून स्वतःहून थांबल्यासारखं वाटतं. टायमिंग (हालचालीला लागणारा वेळ) आणि स्पेसिंग (दर चित्रामागचं अंतर) या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इथे मुलांना डोळ्यांनी दिसतं. व्याख्या नंतर सांगितली तरी चालते.

दुसरा सराव उसळत्या चेंडूचा. यावर दोन तासिका खर्च कराव्यात, इतकं त्यात भरलेलं आहे. कागदाच्या कडेला, फ्रेमच्या बाहेर, खालून वर शून्य ते ३६ सेंटिमीटरची पट्टी आखायची. चेंडू कार्डशीटचा कापायचा, तेही तीन प्रकारांत. एक गोल, ३ सेंटिमीटर व्यासाचा. एक दबलेला, उंची २ आणि रुंदी साडेचार. एक ताणलेला, उंची ४ आणि रुंदी सव्वादोन. तिन्हींचा गुणाकार नऊच येतो, म्हणून चेंडू दबला-ताणला तरी लहान-मोठा झाल्यासारखा वाटत नाही. मुलं बरेचदा फक्त उंची कमी करतात आणि रुंदी तशीच ठेवतात. मग चेंडू दबण्याऐवजी त्यातली हवा गेल्यासारखी दिसते.

आता चेंडूची खालची कड या उंचींवर ठेवत एकेक फोटो काढायचा: ३६, ३५, ३२, २७, २०, ११, ०. मधली अंतरं पाहा: १, ३, ५, ७, ९, ११. पडणारी वस्तू सारख्या वेळात अशीच वाढती अंतरं कापते, नववी-दहावीच्या विज्ञानातलं गुरुत्वाकर्षण ते हेच. पहिली उसळी २५ सेंटिमीटरपर्यंत: ९, १६, २१, २४, २५ आणि मग त्याच वाटेने खाली २४, २१, १६, ९, ०. दुसरी १६ पर्यंत: ७, १२, १५, १६, १५, १२, ७, ०. तिसरी ९ पर्यंत: ५, ८, ९, ८, ५, ०. चौथी ३, ४, ३, ०. शेवटची १, ०. सगळे मिळून ३७ फोटो, म्हणजे तीन सेकंदांहून थोडं जास्त. शिखराच्या उंची ३६, २५, १६, ९, ४, १ अशा उतरत जातात आणि प्रत्येक उसळीला चढताना एक व उतरताना एक असे दोन फोटो कमी होतात.

दबलेला चेंडू फक्त शून्यावर आणि तोही एकाच फोटोपुरता. ताणलेला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोत, म्हणजे पहिल्या वेळी ११ वर आणि ९ वर. शेवटच्या बारीक उसळ्यांत गोल चेंडूच ठेवावा.

चुका बहुधा ठरलेल्याच होतात. अंतरं सारखी ठेवली की चेंडू लिफ्टसारखा वर-खाली होतो. जमिनीवर दोन फोटो घेतले गेले की तो चिकटतो. फोटो नेमका एकदाच काढायची शिस्त नसली की हे घडतंच, म्हणून गटातल्या एकाने कागदावर फोटो क्रमांक आणि उंची लिहून खूण करायची. छोट्या उसळीलाही मोठ्या उसळीइतकेच फोटो दिले की चेंडू पाण्यात असल्यासारखा तरंगतो. हा सराव झाल्यावर मुलांना विचारायचं की फुगा असेल तर अंतरं कशी बदलाल, आणि लोखंडी गोळा असेल तर? उत्तर आकड्यांत मागावं. फुग्याची अंतरं लवकरच सारखी व्हायला हवीत आणि गोळा एखादी इवलीशी उसळी घेऊन थांबायला हवा. आकडे बदलले की वजन बदलतं, हे ज्याला कळलं तो पुढचं बरंचसं स्वतः शोधतो.

आता लुकलुक. नवख्या मुलांच्या फिल्ममध्ये चित्र सतत उजळ-अंधुक होत राहतं आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. कारणं बहुतेक वेळा चार असतात. पहिलं म्हणजे खिडकी. ऊन सरकत असतं, ढग येतात. चाळीस फोटो काढायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात उजेड पार बदललेला असतो. खिडक्या काळ्या कापडाने झाकून दोन एलईडी दिव्यांवर काम करावं. दुसरं कारण फोनची हुशारी. एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तो दर फोटोला नव्याने ठरवतो. मॅन्युअल किंवा प्रो मोडमध्ये जाऊन तिन्ही कुलूपबंद करायचे, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० ते २०० ठेवायचा, एचडीआर आणि नाइट मोड बंद. तिसरं कारण वीज. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर (फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवला की प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तनं येतात आणि फरक पुसला जातो. १/६० किंवा १/२०० ठेवला तर हमखास पट्टे किंवा लुकलुक येते. चौथं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे गणवेश! पांढरा शर्ट घातलेला मुलगा सेटजवळ एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे उभा राहिला, की शर्टावरून परावर्तित उजेड सेटवर बदलत राहतो. फोटोच्या वेळी सगळ्यांनी ठरलेल्या खुणेवर मागे सरकायचं, आणि कॅमेऱ्याजवळच्या मुलाने गडद रंगाचं जर्किन घालायचं.

फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, स्क्रीन आपोआप बंद होणार नाही असं सेटिंग करायचं. चार्जरची वायर लावायची असेल तर सुरुवातीलाच लावून टेपने बांधायची. मध्येच लावायला गेलं की फोन मिलिमीटरभर सरकतो आणि पडद्यावर सगळी दुनिया उडी मारते. बटण बोटाने दाबू नये, इअरफोनचं व्हॉल्यूम बटण किंवा छोटा ब्लूटूथ रिमोट वापरावा. पंखा बंद. दर फोटोनंतर अ‍ॅपमधलं आधीचं अंधुक चित्र चालू चित्राशी जुळवून बघायचं. फोन हलला हे लगेच कळलं तर एकच फोटो पुसावा लागतो. दहा फोटोंनंतर कळलं तर शॉट पहिल्यापासून घ्यावा, ओढूनताणून जुळवत बसू नये.

यानंतर वस्तू. बाहुली करण्याआधी एक तासिका घरातल्या-शेतातल्या वस्तूंना द्यावी. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या हलवून एक छोटी फिल्म केली होती, हे मुलांना सांगितलं की त्यांना हुरूप येतो. आपल्या भागात बेदाणे आणि हळकुंडं यांच्याइतका चांगला माल नाही. बेदाणा किंचित चिकट असतो, ठेवला तिथे राहतो, आणि पन्नास बेदाण्यांची रांग वळणावळणाने नेली की प्रवाहाचा सराव होतो. हळकुंडाला बोटांसारखे फाटे असतात, त्यामुळे पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं हे मुलं लगेच ठरवतात. शेंगदाणे टाळा, घरंगळतात.

आता बाहुली, आणि इथे मातीचा प्रश्न येतो. बेंदराला काळ्या मातीचे बैल केलेली मुलं हात चालवायला तयार असतात. पण ती माती आणि गणपतीची शाडू दोन्ही स्टॉप मोशनला निरुपयोगी, कारण दोन तासांत सुकतात आणि वाकवलं की तडकतात. तेलावर भिजवलेली, न सुकणारी क्ले लागते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचा उन्हाळा तिलाही सोसत नाही. ती मऊ पडते, बोटांचे ठसे उमटतात आणि बाहुलीचे हात लोंबायला लागतात. सकाळच्या वेळी शूटिंग करावं, मधल्या सुटीत बाहुली डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी, दिवे बाहुलीपासून दूर ठेवावेत. रंगांची सरमिसळ टाळण्यासाठी हात पुसायला ओलं फडकं जवळ असावं, आणि पांढऱ्या क्लेला हात लावणारा मुलगा लाल क्लेला हात लावणार नाही एवढी वाटणी करावी.

आतला सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा. दीड मिलिमीटरच्या दोन तारा एकत्र पिळायच्या. एक टोक ड्रिल मशीनमध्ये धरलं की पीळ सारखा बसतो. जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार घेऊ नये, ती वाकवून सोडली की थोडी परत येते आणि दर फोटोत हात खाली-वर होतो. तांबं दोन-चारदा वाकवल्यावर कडक होतं. बाहुली १५ ते २० सेंटिमीटर उंच असावी, त्याहून लहान केली तर हालचाल मुलांच्या बोटांना झेपत नाही. मांडी, पोटरी, दंड आणि छाती इथे एम-सीलचा थर द्यायचा, म्हणजे तार फक्त सांध्यावरच वाकते. डोकं भरीव मातीचं केलं तर मान झुकते. चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा करून वर क्लेचा पातळ थर पुरे.

तार तुटते ती बहुधा घोट्याशी. पायात नट बसवून एम-सीलने पक्का करायचा आणि प्लायला भोकं पाडून खालून बोल्टने पाय आवळायचा, ही पद्धत सर्वांत खात्रीची. सोपी हवी असेल तर सेटचा तळ पत्र्याचा करावा, पायाच्या तळव्यात लोखंडी वॉशर बसवावा आणि पत्र्याखालून जोरकस चुंबक लावावं. पाय पक्के नसतील तर चालण्याचा शॉट घ्यायलाच जाऊ नये. दर वेळी बाहुली पडते आणि मुलं कंटाळतात.

१८४३ मध्ये सांगलीत मराठी रंगभूमीची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. सांगलीत शिकवताना या बाहुल्यांचा उल्लेख जरूर करावा, पण तो अशासाठी की दोऱ्यावरची बाहुली सैल सांध्यांची असते, तिचं वजनच तिला हलवतं. आपली बाहुली नेमकी उलट हवी. जिथे सोडली तिथे थांबणारी. सांधा सैल आहे की घट्ट हे पाहायला हात आडवा करून पाच मिनिटं सोडून द्यायचा. पट्टीने मोजल्यावर खाली आलेला दिसला तर सांगाडा पुन्हा करावा.

चालणं कागदी तुकड्यांवर शिकवून मग बाहुलीकडे न्यावं. एका पावलाला १२ फ्रेम, म्हणजे ६ चित्रं, आणि चार मुख्य अवस्था: टाच टेकली, अंग खाली आलं, दुसरा पाय शेजारून गेला, अंग वर गेलं. जमिनीवर टेकलेला पाय फ्रेमगणिक सरकता कामा नये, मुलांच्या कामात नव्वद टक्के बिघाड हाच असतो असं म्हटलं तरी चालेल.

मग संगणक. जुन्या लॅबमध्ये पेन्सिल टूडी हे चित्रं काढून अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर सहज चालतं. क्रिता जास्त चांगलं आहे, पण ते सगळ्या फ्रेम मेमरीत ठेवतं. चार जीबी रॅमवर चित्राचा आकार १२८० बाय ७२० पिक्सेल ठेवावा. ओपनटून्झ २०१६ पासून फुकट आहे, मात्र नवख्यांना त्यातल्या खिडक्यांचा पसारा गोंधळात टाकतो. त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचं नवं ब्लेंडर जुन्या यंत्रांवर बरेचदा उघडतच नाही. माउसने चित्र काढायचा अट्टहास करू नये. ऑफिसातल्या पंचने कागदाला दोन भोकं पाडायची, ती ८ सेंटिमीटर अंतरावर आणि ६ मिलिमीटर व्यासाची असतात. लाकडी पट्टीवर त्याच मापाचे दोन खुंट बसवले की सगळे कागद एकावर एक नेमके बसतात. काचेखाली दिवा लावून चित्रं काढायची आणि त्याच फळी-स्टुलाखाली फोटो काढून संगणकात घ्यायची.

संगणकावर पहिलं काम पुन्हा तोच चेंडू. ज्यांच्याकडे ब्लेंडर चालतं त्यांनी उंचीच्या की-फ्रेम (आपण ठरवून दिलेल्या मुख्य जागा) अशा टाकाव्यात, एका फोटोच्या दोन फ्रेम धरून: पहिल्या फ्रेमला ३६, १३व्याला ०, २३व्याला २५, ३३व्याला ०, ४१व्याला १६, ४९व्याला ०. चालवून बघा, चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो. कारण संगणक प्रत्येक की-फ्रेमभोवती वळण गोल करतो. वर ते बरोबर असतं, खाली चूक. हालचाल रेषेने दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये शून्यावरचे बिंदू निवडून व्ही दाबायचं आणि व्हेक्टर घ्यायचं, म्हणजे तिथे टोक येतं. मग त्या बिंदूला जोडलेली छोटी दांडी, म्हणजे हँडल, थोडं वर ओढायचं. किती ओढायचं? ११व्या फ्रेमला चेंडूची उंची ११ येईपर्यंत. कागदावरचा तक्ता समोर असतो, त्यामुळे मुलांना डोळ्यांवर हवाला ठेवावा लागत नाही. ज्यांनी आधी हाताने चेंडू सरकवला त्यांना ग्राफ म्हणजे तोच तक्ता आडवा मांडलेला, हे लगेच दिसतं.

बोलणाऱ्या पात्रांची घाई नको, पण मुलं ते मागणारच. तेव्हा आवाज आधी ध्वनिमुद्रित करायचा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाक्य उघडून कुठलं अक्षर कितव्या चित्रावर पडतं ते टायमिंग शीटवर लिहायचं. इंटरनेटवर मिळणारे तोंडांचे तक्ते इंग्रजी उच्चारांसाठी केलेले असतात. मराठीला सहा तोंडं पुरतात: प-फ-ब-भ-म साठी मिटलेले ओठ, आ साठी उघडं तोंड, इ-ए साठी ताणलेलं, उ-ओ साठी चंबू, व साठी खालचा ओठ दातांना लागलेला, आणि बाकी सगळ्यांसाठी अर्धवट उघडं. ट, ण, ळ म्हणताना जीभ आत वळते, बाहेर काही दिसत नाही.

उदाहरणार्थ ‘बाबा, पाऊस पडला’. दीड सेकंद, १८ चित्रं. १ मिटलेले ओठ, २ आ. ३ मिटलेले, ४-५ आ. ६ ते ८ थांबा, तेव्हा तोंड अर्धवट उघडं ठेवायचं, म्हणजे पुढचं मिटणं दिसतं. ९ मिटलेले, १० आ, ११-१२ चंबू, १३ अर्धवट. १४ मिटलेले, १५-१६ अर्धवट, १७-१८ आ. चार मिटलेले ओठ बरोबर पडले की बाकीची तोंडं थोडी इकडेतिकडे झाली तरी पाहणाऱ्याला खटकत नाही. आणि त्यातलं एक जरी चुकलं, तरी वाक्य ऐकू एक येतं आणि दिसतं भलतंच. ओठ आवाजाच्या एक चित्र आधी मिटवून पाहा. बहुतेक वेळा तेच जास्त बरोबर वाटतं, कारण ब म्हणण्याआधी ओठ मिटावेच लागतात. मुलांनी हातात आरसा घेऊन हे वाक्य हळू म्हणायचं, शेजारच्याने तोंडं मोजायची, आणि मग शीट भरायचं.